उशाशी कोण बसणार?

गेल्या अंकात मी एक ओळ जरा जोर देऊन लिहिली होती : कळा सुरू होतील तेव्हा तुझ्या उशाशी कोण बसणार, ते आजच ठरव. त्या ओळीवर एकवीस पत्रं आली, काही पोस्टानं आणि बरीचशी संपादकांच्या फोनवर. सगळ्यांना उत्तरं द्यायला पान पुरत नाही, म्हणून पाच निवडली आहेत. नावं कुणाचीच छापत नाही. नव्या वाचकांसाठी सांगते, मी परिचारिका होते. चौतीस वर्षं नाशिकच्या प्रसूतिकक्षांत काढली. आता इंदिरानगरात राहते.

मावशी, माझं वय २९, पहिलीच वेळ. सदतीस आठवडे पूर्ण झाले. सोनोग्राफीत बाळाचं वजन ३.१ किलो आणि गळ्याभोवती नाळेचा एक वेढा आहे असं आलं. डॉक्टर म्हणाले, धोका नको असेल तर सिझर करून टाकू. घरी सासऱ्यांनी लगेच गुरुजींना विचारलं. येत्या गुरुवारी सकाळी ९ वाजून ४० मिनिटांचा मुहूर्त निघाला आहे. मला मात्र कळांची वाट पाहावीशी वाटते. मी स्वार्थी आहे का? (गंगापूर रोड)

पोरी, स्वार्थी हा शब्द आधी खोडून टाक. शरीर तुझं आहे आणि बाळाची काळजी तुला कुणापेक्षाही कमी नाही. आता एकेक गोष्ट बघू.

नाळेचा वेढा. दर चार-पाच बाळांमागे एक बाळ असा वेढा घेऊनच येतं. मी असे किती सोडवले असतील त्याची मोजदाद नाही. डोकं बाहेर आलं की बोट घालायचं आणि वेढा डोक्यावरून टोपीसारखा काढायचा. बाळ पोटात असताना नाकातोंडानं श्वास घेतच नाही, त्याला जे मिळतं ते नाळेतून. म्हणून तुमच्या घरात ज्या फासाची भीती पसरली आहे, तसं तिथे काही नसतं. नाळ दाबली जाते आहे का, हे कळांच्या वेळी बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवरून समजतं. त्यासाठीच आम्ही ठोके ऐकत असतो. ठोके मंदावायला लागले आणि सावरले नाहीत, तर मात्र क्षणाचाही विचार करायचा नाही.

वजन. सोनोग्राफीतलं वजन हा अंदाज असतो, त्यात दहा-पंधरा टक्के इकडे-तिकडे होतंच. तुझं ३.१ प्रत्यक्षात २.७ निघेल किंवा ३.५. यातलं कुठलंही वजन सिझरचं कारण होत नाही.

मला खरी काळजी वाटते ती गुरुवारची. तातडीचं कारण नसेल तर ठरवून केलेलं सिझर ३९ आठवड्यांच्या आत करू नये, असं प्रसूतिशास्त्र सांगतं. शेवटच्या त्या दोन आठवड्यांत बाळाची फुप्फुसं तयार होत असतात आणि कळांमुळे त्यातलं पाणी हटायला मदत होते. सदतिसाव्या आठवड्यात काढलेली, दिसायला गुटगुटीत बाळं मी धापा टाकताना पाहिली आहेत. आई वरच्या मजल्यावर आणि बाळ खाली काचेच्या पेटीत, असे दोन-दोन दिवस गेले आहेत. सासऱ्यांचं मन मोडू नकोस, पण त्यांना माझ्या नावानं सांग की पत्रिका जन्माच्या वेळेवरून मांडायची असते, ती वेळ बाळाला ठरवू द्या.

सिझर वाईट असतं असं मी म्हणत नाही. वार गर्भपिशवीच्या तोंडावर बसलेली, बाळ आडवं, ठोके बिघडलेले, कळा असूनही वाट पुढे सरकत नाही; अशा वेळी त्या एका शस्त्रक्रियेनं दोन जीव वाचतात, आणि ते वाचलेले मी हातात घेतले आहेत. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या खासगी दवाखान्यांत शंभरातली ४७ बाळंतपणं सिझरनं झाली आणि सरकारी दवाखान्यांत १४. बायकांच्या शरीरात एवढा फरक नसतो. सरकारीत ज्यांना खरी गरज होती अशा काहींना सिझर मिळालं नसेल, हेही खरं. तरी तुझ्यासारखीनं प्रश्न विचारलाच पाहिजे, इतकी ही दरी मोठी आहे.

तेव्हा नवऱ्याला घेऊन डॉक्टरांकडे जा, घाईच्या ओपीडीत नको, वेळ मागून जा. विचार की माझ्या बाबतीत सिझरचं नेमकं कारण काय, आणि ते केसपेपरवर लिहाल का? थांबलो तर तुम्ही काय काय तपासत राहाल? रात्री दोनला कळा आल्या तर तिथे कोण डॉक्टर असतील, भूलतज्ज्ञ किती वेळात येतात, रक्त कुठून येतं? ज्या डॉक्टरांना वाट पाहायची तयारी असते ते या प्रश्नांनी चिडत नाहीत, बसून उत्तरं देतात. चिडले, तर दुसरं मत घ्यायला अजून वेळ आहे. सगळे कागद बरोबर ठेव.

आणखी एक. कळा सुरू झाल्या की घरचे घड्याळ बघायला लागतात. आम्हाला शिकवलं होतं की तासाला एक सेंटीमीटर गर्भपिशवीचं तोंड उघडलं पाहिजे, आणि त्या हिशोबात न बसणाऱ्या पहिलटकरणींना आम्ही सलाइनमधून कळा वाढवायचं औषध लावत असू. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तो हिशोब बाजूला ठेवला. आता पाच सेंटीमीटरपर्यंतचा काळ तयारीचा मानतात, आणि आई-बाळ ठीक असतील तर तो बराच लांबू शकतो. त्या काळात घरी राहा, चाल, पेज पी, झोप लागली तर झोप. पाणी गेलं, लाल रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मात्र कळांची वाट न बघता निघायचं. कळा सोसवत नसतील तर पाठीतून भूल देता येते. ती मागायला लाजू नकोस. तिच्यामुळे सिझर होतं, ही समजूत चुकीची आहे. फक्त दवाखान्यात ती सोय आहे का, हे आधी विचारून ठेव.

आम्ही दोघं परभणीकडचे. पाथर्डी फाट्याला भाड्यानं राहतो. यांची अंबडला कंपनीत शिफ्ट ड्यूटी. माझी आई नाही, वडील अंथरुणाला खिळलेले. सासूबाईंना शेत सोडून आठ दिवसांपेक्षा जास्त येता येणार नाही. मला आठवा लागला आहे. चोवीस तासांची बाई ठेवायची तर पगारातलं निम्मं जातं. शेजारी ओळखीचे आहेत, पण बाळंतपणासारखं काम त्यांना कसं सांगायचं? (पाथर्डी फाटा)

सांगायचं. तोंड उघडून सांगायचं. तुझ्या पत्रातलं ते 'कसं सांगायचं' मला फार लागलं. बाळंतिणीला माहेर असायचं, माहेर नसेल तर गल्ली असायची. जुन्या नाशकात, वाड्यांमध्ये, एका बाळंतिणीचं पाणी तीन चुलींवर तापलेलं मी लहानपणी पाहिलं आहे. फ्लॅटच्या दारांमागे त्याच बायका राहतात. त्यांना वाटतं तुझं तुला आवडतं, तुला वाटतं त्यांना वेळ नाही.

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर ओडिशातून आलेलं जोडपं होतं. मुलीला मराठी चार शब्द येत. सातव्या महिन्यात आम्ही तिचं डोहाळजेवण केलं, तेव्हा ओटी भरायच्या ताटाशेजारी मी एक शंभर पानी वही ठेवली. वहीत बाळंतपणानंतरचे एकवीस दिवस लिहिलेले, प्रत्येकापुढे रिकामी जागा. ओटी भरणारीनं साडी-खण आणला नाही तरी चालेल, पण एका दिवसापुढे आपलं नाव आणि डब्यात काय देणार ते लिहायचं. तेरा घरांनी एकवीस दिवस भरले. 'मंगळवार : बाजरीची भाकरी, दुधी, तूप.' 'शुक्रवार : मऊ खिचडी, मेथीचा लाडू.' ज्यांना स्वयंपाक जमत नव्हता त्यांनी 'दुपारी दोन ते चार बाळाकडे बघीन' असं लिहिलं. त्या दोन तासांत ती मुलगी झोपायची. मी तिला रोज विचारायची, डबा आवडला का? ती म्हणायची, झोप आवडली.

तू अशी वही आजच आण. डोहाळजेवण कोण करणार, असं लिहिशील; तू स्वतः चार शेजारणींना चहाला बोलाव, वही मांड. मागणं आपणच मांडायचं असतं, कारण लोकांना मदत करायची असते पण नेमकी कोणती, ते सुचत नाही. 'काही लागलं तर सांग' असं म्हणणारीच्या हातात पेन दे.

त्याच वहीच्या पहिल्या पानावर पुढचं लिही. रात्री कळा आल्या आणि हे शिफ्टला असले तर पहिला फोन कुणाला? गाडी कुणाची? दुसरी गाडी कुणाची? तुझा रक्तगट, आणि रक्त द्यायला तयार असलेल्या दोघांची नावं. संध्याकाळी अंबडची शिफ्ट सुटते तेव्हा रस्ता कसा भरतो ते तुला ठाऊकच आहे. एकदा त्याच वेळी घरापासून दवाखान्यापर्यंत जाऊन बघा, किती मिनिटं लागतात. सरकारी रुग्णवाहिकेसाठी १०२, अगदी तातडीला १०८.

पैशांचं. त्र्यंबक नाक्याचं जिल्हा रुग्णालय असो, नाशिकरोडचं बिटको असो की कथड्यातलं डॉ. झाकिर हुसेन, सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण मोफत असतं. हा कार्यक्रम २०११ पासून आहे. सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, घरून नेणं आणि परत सोडणं सगळं त्यात येतं. साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवणही. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तज्ज्ञ डॉक्टर मोफत तपासतात, ती तारीख चुकवू नकोस. अटींत बसत असशील तर पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे पाच हजार मिळतात. त्याचा अर्ज अंगणवाडीत किंवा आशाताईकडे. शहरातही आशाताई असते, तुझ्या भागातली कोण ते शेजारी विचार.

सासूबाईंचे आठ दिवस बाळंतपणाआधी खर्च करू नकोस. त्यांना बाळ झाल्याचा फोन गेल्यावर निघायला सांग. पहिली रात्र दवाखान्यात जाते, खरी पंचाईत घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी होते. दूध भरून छाती दगड होते, बाळ रात्रभर जागं, टाके ओढतात. तेव्हा त्या हव्यात.

बायकोला नववा महिना आहे. ती म्हणते, लेबर रूममध्ये तुम्ही माझ्याजवळ हवेत. आमच्याकडे आजवर कुणी पुरुष आत गेलेला नाही. मला जायची इच्छा आहे, पण आत घेतात का? आणि आत जाऊन मी करायचं काय? (सातपूर)

तुमचं पत्र वाचून मला १९८६ ची एक रात्र आठवली. माझी थोरली तेव्हा झाली. जिथे नोकरी होती तिथेच मी टेबलावर होते, सगळ्या ओळखीच्या, पण बाजूला आणखी तीन बाळंतिणी आणि ड्यूटीवर एकच परिचारिका. नवरा बाहेर बाकावर. आई दाराबाहेर, तिला आत सोडायची पद्धत नव्हती. सहा तास मी छताचा पंखा मोजला. शेवटी फरशी पुसायला आलेल्या आयाबाईनं झाडू भिंतीला लावला, हात धुतले आणि माझ्या कमरेला हात लावून उभी राहिली. ती काही बोलली नाही. मी त्यानंतर जोर लावू शकले. वीस वर्षांनीही ती बाई रस्त्यात भेटली की मी वाकून नमस्कार करत असे.

म्हणून, जा. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत एक माणूस ठेवायला मान्यता दिली. शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली नात्यातली बाई, आणि जिथे पडदा-आडोसा आहे तिथे नवराही चालतो. एकाच खोलीत चार टेबलं असतील तर इतर बायकांच्या अब्रूसाठी तुम्हाला थांबवतील, ते रास्त आहे. तेव्हा तिची आई किंवा मावशी आत जाऊ दे. खासगी दवाखाना असेल तर आधीच विचारून ठेवा. हे लाड नाहीत. २०१७ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेनं २६ अभ्यास, पंधरा हजारांहून जास्त बायका एकत्र पाहिल्या, तेव्हा जिच्याजवळ सतत कुणी होतं तिचं सिझर कमी होतं आणि कळांचा वेळही कमी होतो, असं दिसलं.

आत काय करायचं? कळ येते तेव्हा तळहातानं कमरेखाली, माकडहाडाच्या वर दाबून धरा. कळ ओसरली की घोटभर पाणी. तिला डाव्या कुशीवर वळायचं असेल, उकिडवं बसायचं असेल, उभं राहून तुमच्या गळ्यात हात टाकायचे असतील, तर सिस्टरला विचारून आधार द्या. फोन खिशात. 'थोडं सहन कर' हे वाक्य बोलायचं नाही. ती रागावली तर ऐकून घ्या. कुणी वरून पोट दाबायला लागलं तर हात जोडून कारण विचारा, ती पद्धत जागतिक आरोग्य संघटनेनं नको म्हटली आहे. चक्कर येईलसं वाटलं तर खाली बसा, सिस्टरला तुम्हाला उचलायला वेळ नसतो.

माझी सून बाळंत होऊन पाच आठवडे झाले. आम्ही तिला शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सगळं रीतसर करतो. ती शेगडीला नाही म्हणते, बाळाला मधाचं बोट लावू देत नाही, पाणी सारखं पिते. डॉक्टरांनी तिचं डोकं फिरवलं आहे. सारखी रडते, बाळ रडलं तरी उठत नाही कधी कधी. आम्ही चार-चार बाळंतपणं केली, असं कधी पाहिलं नाही. तिला समजवा. (पंचवटी)

ताई, तुम्ही सुनेसाठी पहाटे उठून लाडू वळता हे मला पत्रातूनही दिसतं. तुमच्या मायेबद्दल मला शंका नाही, म्हणून मोकळेपणानं लिहिते.

शेगडीचं तिचं बरोबर आहे. बंद खोलीत कोळशाचा धूर बाळाच्या छातीला सोसत नाही, आणि त्यातला वायू वासही न येता जीव घेतो. ऊब हवी तर गरम पाण्याची पिशवी द्या. मध वर्षाच्या आत नको, त्यातल्या जंतूंनी तान्ह्याला लुळेपणा येऊ शकतो. पाणी तिला भरपूर लागणारच, दूध त्यातूनच होतं. अळीव, डिंक, खसखस, बाजरी, शेपू चालू ठेवा, फक्त वरण-भाज्या-फळंही वाढा. सटवाईची पूजा केली असेल, बारसं थाटात केलं असेल, त्याला कुणाचीच हरकत नाही.

पण ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी लिहिली. सारखी रडते. बाळ रडलं तरी उठत नाही.

पहिल्या आठ-दहा दिवसांत बहुतेकींना रडू येतं, हलतं मन असतं, आपोआप सावरतं. दोन आठवड्यांच्या पुढे गेलं तर तो आजार असतो, पंडुरोगासारखाच आजार, आणि त्याला औषध असतं. तुमच्या सुनेला पाच आठवडे झाले. आपल्या वेळी असं नव्हतं असं तुम्हाला वाटतं. मला आठवतात अशा बायका. त्यांना आपण 'बाळंतवात झाला', 'बाहेरचं लागलं' म्हणायचो आणि अंगारा आणायचो. एक तर विहिरीपर्यंत गेली होती. माझ्याच गल्लीतली. मला आजही वाटतं, तिच्या सासूला कुणीतरी सांगायला हवं होतं.

या आठवड्यातच तिला डॉक्टरांकडे न्या. बाळंतपण केलेले डॉक्टर चालतील, मनोविकारतज्ज्ञ मिळाले तर उत्तम. घरून बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलतात. तोवर रात्रीचं एक पाजणं सोडलं तर बाकी उठणं तुम्ही आणि तुमच्या मुलानं वाटून घ्या, तिला सलग चार तास झोप मिळू द्या. तिला एकटी ठेवू नका. मरणाबद्दल बोलली, किंवा बाळाला काही करीन अशी भीती बोलून दाखवली, तर त्याच दिवशी दवाखाना, वाट पाहायची नाही. आणि तिच्याजवळ बसून एकदा विचारा, तुला कसं वाटतंय गं? विचारून झाल्यावर गप्प बसा. ती बोलेल.

मी पेठ तालुक्यातल्या एका पाड्याची आशा आहे. एका बाईचं दुसरं बाळंतपण भाद्रपदात आहे. पहिलं घरीच झालं, म्हाताऱ्या सुईणबाईंच्या हातून. घरचे म्हणतात याही वेळी घरीच. हिमोग्लोबिन ८.६ आहे. ती बाई मला म्हणाली, दवाखान्यात ओरडतात, सुईणबाई ओरडत नाहीत. मी तिला काय सांगू? (पेठ)

ताई, तिनं जे सांगितलं ते खरं आहे, आधी तेच मान्य करा. दवाखान्यात ओरडतात. मीही तरुणपणी ओरडले आहे, आणि त्याची मला खंत आहे. तिला 'असं काही नसतं' म्हणालात तर ती पुन्हा तुमचं ऐकणार नाही.

मग रक्ताचं सांगा. बाळ झाल्यावर वार पडते तेव्हा गर्भपिशवी आवळली नाही तर बाई दोन तासांतही हातची जाते. निरोगी बाईला जेवढं रक्त गेलेलं सोसतं, तेवढं हिमोग्लोबिन ८.६ इतकं कमी असलेलीला सोसत नाही. दवाखान्यात बाळ होताच मांडीत एक सुई देतात, ऑक्सिटोसिनची. ती गर्भपिशवी आवळते. सुईणबाईंचा हात कितीही हलका असला तरी ही सुई त्यांच्याजवळ नाही, आणि भाद्रपदातल्या पावसात रात्री सावळघाट ओलांडून नाशिक गाठणं म्हणजे काय, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

अजून वेळ आहे. लोहाच्या गोळ्या ती खरंच घेते का, ते रिकाम्या पाकिटावरून बघा. चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको, जेवणानंतर लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. ९ तारखेला डॉक्टरांना दाखवा. एवढ्यानं आकडा चढणार नसेल तर ते शिरेतून लोह देतील. अमृत आहाराचं गरम जेवण अंगणवाडीत ती स्वतः जेवते की डबा घरी जाऊन वाटला जातो, तेही पाहा. माझ्या अनुभवात डबा वाटला जातो. आणि दिवस भरायच्या चार-पाच दिवस आधी तिला माहेरघरात हलवा. आदिवासी भागात आरोग्य केंद्राजवळ ही सोय त्यासाठीच केली आहे. थोरल्या मुलाला बरोबर नेता येतं. 'मूल कुणाकडे ठेवू' हे घरच्यांचं पहिलं कारण असतं, ते त्यानं सुटतं.

सुईणबाईंना यातून वगळू नका. मी नोकरीला लागले तेव्हा पेठ भागातल्या एका सुईणबाईंकडून जे शिकले ते मला कोर्समध्ये कुणी शिकवलं नव्हतं. बाईला पाठीवर उताणी टाकायची नाही. कळ येते तेव्हा बोलायचं नाही. खोलीत माणसं कमी. आणि हात तेलात बुडवून, ऊब देऊन मगच अंगाला लावायचा. हे सगळं दवाखान्यातही करता येतं, करणारी हवी. त्यांनी स्वतः बाळंतपणं सोसलेली आहेत, बाईचा त्यांच्यावर जीव आहे, म्हणजे सोबतीला त्यांच्याइतकं योग्य कुणी नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधी भेटा, सिस्टरना भेटा, सुईणबाईंची ओळख करून द्या, आणि सोबतीण म्हणून त्यांचं नाव केसपेपरवर लिहून घ्या. १०२ ची गाडी येईल तेव्हा त्याही त्याच गाडीत बसल्या पाहिजेत.

बाळ झालं की मला दोन ओळी कळवा. आणि सुईणबाईंना माझा नमस्कार सांगा.